फ्रेम इकडे, काच तिकडे

(सकाळचे साडेदहा. चष्म्याचं एक जुनं दुकान आणि तिथून अर्ध्या तासावरची त्याची शाखा. बाबा दुकानात, काच कापायच्या मशीनशेजारी. त्यांची लेक, जिला घरात सगळे मिचू म्हणतात, शाखेत टेबलाखाली. दोघांचे फोन स्पीकरवर.)

मिचू: मधला दिवा बघा. तीन आहेत ना, त्यातला.

बाबा: कुठल्या डब्यावर?

मिचू: रविवारी येऊन मी बसवला तो राउटर, बाबा. रजिस्टरांच्या कपाटावर. त्याच्यावर तुम्ही रुमाल वाळत घातला नसेल तर दिसेल.

बाबा: रुमाल काढला. मधला हिरवा आहे.

मिचू: स्थिर आहे की लुकलुकतोय?

बाबा: काय?

मिचू: स्थिर आहे का?

बाबा: जरा मोठ्याने बोल. मशीनचा आवाज आहे इथे.

मिचू: मशीन बंद ठेवलंय म्हणालात ना?

बाबा: पंख्याचा असेल मग. स्थिर आहे. हिरवा आणि स्थिर.

मिचू: माझ्याकडचाही. म्हणजे जोडलं गेलं. इंटरनेट कंपनीचा तो माणूस दोनदा येऊन, डोकं हलवून, ‘या लाइनवर दोन दुकानं जोडता येणार नाहीत’ असं लिहून देऊन गेला होता. तो कागद मी फ्रेम करून लावणार आहे.

बाबा: दिवा लागला म्हणजे काम झालं असं नसतं. आपल्या पाटीचाही दिवा रोज लागतो, म्हणून रोज गिऱ्हाईक येतं का? रविवारी काय ठरलंय ते लक्षात आहे ना?

मिचू: महिनाअखेर शाखा बंद. आज चोवीस तारीख. लक्षात आहे.

बाबा: तुझ्या दादाचं म्हणणं अगदीच चूक नाही.

मिचू: मी कुठे चूक म्हणतेय? चष्मा दोन-दोन दिवस काढून घेणाऱ्या दुकानात कोण येईल? फ्रेम पिशवीतून तिकडे जाणार, काच बसून परत येणार. तोवर माणूस भिंती चाचपत घरी. आणि नंबर फोनवर सांगायचा नाही, हा तुमचा नियम.

बाबा: तो नियम मी उगाच नाही केला.

मिचू: मी काही म्हटलं नाही.

बाबा: गणिताच्या बाईंचं जे झालं...

मिचू: मला आठवतंय, बाबा. मी त्यांचे डोळे तपासले, फोनवर तुम्हाला नंबर सांगितला, आणि काच ज्या कोनात बसवायची तो पंचावन्नचा पंच्याण्णव होऊन काचेत गेला. तीन आठवडे त्यांना गरगरत होतं आणि आपण म्हणत होतो सवय होईल. मग शाळेच्या जिन्यावरून पडल्या, मनगट मोडलं. मी जाऊन माफी मागून आले. सात महिने झाले, दादा अजून दर रविवारी जेवताना तो विषय काढतो. आज आपण राउटरचं बघू या का?

बाबा: बघ.

ड्रायव्हर बाई: आत येऊ का? दुकान उघडं आहे, माणूस दिसत नाही. का मलाच दिसत नाही?

मिचू: या, या. टेबलाखाली होते. बसा. काय झालं?

ड्रायव्हर बाई: हे बघा. डाव्या काचेचं कोळ्याचं जाळं झालंय. बसचे आरसे पुसायला वाकले, खिशातून चष्मा खाली, आणि त्याच्यावर माझाच बूट. दुसऱ्या कुणाचा असता तर भांडता तरी आलं असतं.

मिचू: शाळेची बस चालवता ना तुम्ही? पिवळी, वळणावर उभी असते ती?

ड्रायव्हर बाई: तीच. साडेतीनला शाळा सुटते. बावन्न पोरं. बदली ड्रायव्हर आज रजेवर, तिची लेक बाळंत झालीय. आणि चष्म्याशिवाय मला बस दिसते, रस्ता दिसत नाही.

मिचू: चष्मा कुठे केला होता?

ड्रायव्हर बाई: तुमच्याच मोठ्या दुकानात, चार महिन्यांपूर्वी. तिथे एक काका असतात, तोंडात पाणी धरल्यासारखे गप्प. पण काम चोख.

बाबा: काय म्हणाल्या त्या?

मिचू: काम चोख म्हणाल्या.

बाबा: नोंद असणार माझ्याकडे. चिठ्ठीवर नंबर लिहून संध्याकाळच्या पिशवीत घालतो. फ्रेम उद्या सकाळच्या पिशवीने इकडे पाठव. परवा मिळेल.

ड्रायव्हर बाई: काका, परवापर्यंत ती पोरं शाळेतच ठेवायची का?

मिचू: थांबा दोघंही. पिशवी नको आणि चिठ्ठीही नको. तुमच्या कॉम्प्युटरवरची नोंद मी इथूनच उघडते. त्यासाठीच तर हा सगळा खटाटोप केलाय. उघडली बघा यादी. तुमचं नाव शोधते... सापडत नाही.

ड्रायव्हर बाई: आडनावाने बघा.

मिचू: आडनावानेही नाही.

बाबा: किती नोंदी दिसतायत तुला?

मिचू: तीनशे बारा.

बाबा: माझ्याकडे अकरा हजारांच्या वर आहेत. सगळी जुनी रजिस्टरं मी एका बोटाने टाइप केलीत. तुझ्या यादीत सगळ्यात वरचं नाव कुणाचं?

मिचू: शिंपीकाकांचं. कोपऱ्यावरचे.

बाबा: ते तर शाखेचं पहिलं गिऱ्हाईक.

मिचू: हो.

बाबा: मग निघालीस माझं दार वाजवायला आणि वाजवलंस स्वतःचंच.

मिचू: ...बाबा, थांबा हं. तुमच्या नोंदींच्या कॉम्प्युटरवर, पडद्याच्या खाली, मी एक छोटा कागद चिकटवलाय. त्याच्यावर शेवटी कितीचा आकडा आहे?

बाबा: दहा.

मिचू: आणि त्याच्या आधीचे?

बाबा: ते काय लांबलचक लिहिलंयस. वाचतो. एकशे ब्याण्णव, एकशे अडुसष्ट, एक. आणि मग दहा.

मिचू: माझ्या इथल्या कागदावरही तेच. अक्षर न् अक्षर तेच. कशी गाढव आहे मी.

ड्रायव्हर बाई: म्हणजे बिघडलं?

मिचू: बिघडलं नाही, घोळ झालाय. असं समजा, दोन गल्ल्या आहेत आणि दोन्हींचं नाव एकच. दोन्हींत दहा नंबरचं घर. पोस्टमनला सांगितलं, दहा नंबरला टाकून ये, तर तो कुठे टाकणार?

ड्रायव्हर बाई: जवळच्या.

मिचू: जवळच्या. पलीकडे दुसरी गल्ली आहे याचा त्याला पत्ताच नाही. मध्ये रस्ता बांधून झालाय, पण त्या रस्त्याला कुणी लागतच नाही. दोन्ही राउटर एकाच दुकानातून आणले आणि आतले नंबर कारखान्यातून आले तसेच ठेवले. त्या कंपनीवाल्याचंही इथेच अडलं असणार. मीही चार रात्री हिरवा दिवा लागत नाही म्हणून रडत बसले आणि नंबरांकडे बघितलंच नाही.

बाबा: मग माझ्याकडच्या गल्लीचं नाव बदल.

मिचू: तुमच्याकडे अकरा यंत्रं आहेत, माझ्याकडे पाच. शाखेनेच बदलायचं.

बाबा: लग्नात नाव बदललं नाहीस. आता बदलतेस.

मिचू: ते तुम्हीच म्हणाला होतात, नको बदलू.

बाबा: म्हणालो होतो. आताही वाईट वाटत नाहीये, नुसतं सांगतोय. किती वेळ लागेल?

मिचू: अर्धा-पाऊण तास. राउटर, दोन कॉम्प्युटर, प्रिंटर आणि फ्रेमचं माप घेणारं यंत्र. बाई, तुम्हाला जवळचं वाचता येतंय ना?

ड्रायव्हर बाई: जवळचं मुंगीच्या पायातलं पैंजण वाचीन.

मिचू: मग हा कागद धरा आणि मी एकेक म्हणेन तशी पुढे खूण करा. एखादं राहिलं तर परत दिवसभर शोधत बसू. बाबा, फोन ठेवू?

बाबा: राहू दे चालू. मी आहे इथेच.

*

ड्रायव्हर बाई: चार झाली. प्रिंटर राहिलाय.

मिचू: हा झाला प्रिंटर.

ड्रायव्हर बाई: पाच. मी बस सोडून इथेच कामाला लागते.

मिचू: बाबा, आहात का? उघडतेय परत.

बाबा: किती नोंदी?

मिचू: येतायत अजून... अकरा हजार चारशे सहा.

बाबा: सात. सकाळी एक झाली, ती सेव्ह करायची राहिलीय. सगळ्यात वर कोण आहे?

मिचू: एक क्रमांक... बाबा, हे काय?

बाबा: वाच की.

मिचू: ‘मुलगी. वय सहा. लांबचं बघताना दोन्ही डोळे मिचकावते. उणे सव्वादोन, उणे तीन. फ्रेम तिने स्वतः निवडली, लाल. चष्मा लावून दुकानाबाहेर गेली आणि समोरच्या झाडाची पानं मोजत बसली. बोलावूनही आत येईना.’ हे तुम्ही शेऱ्यात लिहिलंय?

बाबा: शेऱ्याचा रकाना मोकळा ठेवू नये.

मिचू: पण माझी नोंद पहिली कशी? माझ्या आधीची दहा वर्षांची रजिस्टरं आहेत.

बाबा: टाइप करायला कुठून तरी सुरुवात करायची होती. तुझ्यापासून केली.

ड्रायव्हर बाई: पोरी, डोळे पूस आणि माझं काढ. माझ्या शेऱ्यात काय लिहिलंय बघू दे.

मिचू: काढते... ‘शाळेची बस चालवतात. घाई फार, पण माप घेताना हलल्या नाहीत. समोरून येणाऱ्या दिव्यांचा त्रास होतो म्हणून काचेला तसा लेप दिला. पोरांबद्दल बराच वेळ बोलल्या.’

ड्रायव्हर बाई: काका ऐकत होते म्हणजे. मला वाटलं भिंतीशी बोलतेय.

मिचू: नंबर आला, कोन आला, लेप आला, सगळं आलं. बाबा, आता पुढचं. फ्रेम यंत्रात ठेवतेय. सुई कडेने फिरतेय... फिरली. पाठवलं माप. तुमच्या मशीनच्या पडद्यावर आकार आला का?

बाबा: आला.

मिचू: आला?

बाबा: आलाय म्हणतोय ना. डाव्या काचेचा आकार. पण मिचू, मी आजवर फ्रेम हातात घेतल्याशिवाय काच कापलेली नाही. चाळीस वर्षांत एकदाही नाही. बोटाला कडा लागते, कुठे दबलीय, कुठे फाकलीय, ते बोटाला कळतं. हे नुसतं चित्र आहे.

मिचू: मग चित्राकडे बोट असल्यासारखं बघा.

बाबा: ...नाकाच्या बाजूला, खाली, आकार आत गेलाय. केसभर. उजवी बाजू पाठव बरं, शेजारी ठेवून बघू दे.

मिचू: पाठवली.

बाबा: उजवीला तसं नाही. डावी आत गेलीय. असंच कापलं तर काच बसेल, पण ताण पडेल आणि थंडीत तडकेल.

मिचू: बरोबर आहे तुमचं. बूट पडलाय तिथेच. थांबा, गरम करून सरळ करते आणि परत माप घेते.

ड्रायव्हर बाई: अर्ध्या तासावर बसून त्यांना कळलं कुठे दबलीय ते?

मिचू: कळलं. घ्या बाबा, नवीन माप.

बाबा: आता बरोबर आहे. छान सरळ केलीस. काच लावतोय मशीनला. ठेवतो फोन, आता खरंच आवाज होणार आहे.

*

मिचू: बोला बाबा.

बाबा: तुझा दादा निघून वीस-पंचवीस मिनिटं झाली, पोहोचेलच. काच कापडात, कापड डबीत, डबी आतल्या खिशात. स्कूटर हळू चालव म्हणून सांगितलंय.

मिचू: दादा स्वतः येतोय?

बाबा: स्वतः. त्या बाई आहेत का तिथे?

मिचू: बाहेर बाकावर बसल्यात, मुख्याध्यापकांना फोन करतायत. का?

बाबा: तुझ्याशी बोलायचंय म्हणून. सव्वादोन वाजून गेलेत, जेवलीस का?

मिचू: नाही. बोला ना, काय?

बाबा: मिचू, आज तो आकडा पडद्यावर आला ना, एकशे दहाचा कोन. मी एकदा बघितला आणि मशीनला लावला. मला कुणाला काही परत विचारावं लागलं नाही.

मिचू: हो, मग?

बाबा: गणिताच्या बाईंच्या वेळी तू पंचावन्नच म्हणाली होतीस.

मिचू: मी तेच सांगत होते. पण मग तुम्ही सगळे म्हणालात तर मलाही वाटायला लागलं, तोंडातून चुकून पंच्याण्णव गेलं असेल.

बाबा: नव्हतं गेलं. दुसऱ्या दिवशीच्या पिशवीत तुझी चिठ्ठी आली होती. पंचावन्न, स्वच्छ अक्षरात. मी काच आधीच कापून पाठवली होती. ती चिठ्ठी मी खिशात घातली. अजून आहे.

मिचू: त्याच दिवशी कळलं तुम्हाला?

बाबा: नाही. चिठ्ठी वाचलीच नव्हती, काम झालं म्हणून. बाई पडल्या तेव्हा काढून बघितली. मला उजव्या कानाने जवळजवळ ऐकू येत नाही. दोन वर्षं झाली. डाव्यानेही शब्दाचा शेवट निसटतो. फोनवर तर जास्तच.

मिचू: पंख्याचा आवाज...

बाबा: पंखाही बंदच होता.

मिचू: बाबा, मी त्या बाईंच्या घरी गेले होते. त्यांच्या प्लास्टरकडे बघत माफी मागितली. तुम्ही माझ्या शेजारी बसला होतात.

बाबा: होतो.

मिचू: आणि बोलला नाहीत.

बाबा: नाही बोललो. वाटलं, काच कापणाऱ्याला ऐकू येत नाही हे कळलं की लोक म्हणतील, याला दिसत तरी नीट असेल का. मग फोनवर नंबर सांगायचा नाही, असा नियम करून टाकला. नियमामागे बसलं की माणूस दिसत नाही. तुझी शाखा त्या नियमाने बुडायला आली, तरी मी बसूनच राहिलो.

मिचू: राग आलाय मला.

बाबा: यायलाच हवा.

मिचू: दादाला तुम्ही सांगायचं. मी सांगणार नाही.

बाबा: सांगितलं. डबी त्याच्या हातात देताना सांगितलं. चिठ्ठीही दाखवली. तो हेल्मेट घालून निघाला. महिनाअखेरचं जे ठरलं होतं ते मोडलं, हेही सांगितलं. आणि शनिवारी मी गणिताच्या बाईंकडे जाणार आहे. एकटा.

मिचू: एकटे जाऊन काय करणार? त्या हळू बोलतात. तुम्हाला ऐकू येणार नाही. मी येते.

बाबा: आलीस तर बरं होईल.

मिचू: आणि सोमवारी कानाच्या डॉक्टरांकडे.

बाबा: तेही ठीक.

मिचू: डोळ्याला काच लावून घ्यायला लोकांना लाजू नका म्हणून सांगतो आपण, दिवसातून वीस वेळा.

बाबा: माहीत आहे. मीच सांगतो.

मिचू: स्कूटर थांबली. दादा आलाय. मी फोन इथेच ठेवते काउंटरवर, तुम्ही ऐका. म्हणजे, जेवढं येईल तेवढं.

बाबा: काच कडेने धर. आधी नाकाची बाजू बसव.

मिचू: बाबा, मला येतं.

बाबा: बरं.

ड्रायव्हर बाई: आली काच? बसेल ना? ज्यांनी कापली त्यांनी फ्रेम बघितलेली नाही.

मिचू: बघितलीय. हात लावला नाही इतकंच. ही नाकाची बाजू... ही वरची... आणि आता अंगठा.

ड्रायव्हर बाई: बसली?

बाबा: बसली. तो आवाज आला मला.

मिचू: हलत नाही, ताण नाही, फट नाही. वरून घासावीसुद्धा लागली नाही. घाला बघू. कानामागे टोचतंय का?

ड्रायव्हर बाई: नाही. थांब, दारात जाते. ती पलीकडची पाटी... ‘सायकल दुरुस्ती, पंक्चर काढून मिळेल.’ त्याच्याखाली बारीक अक्षरात... ‘हवा फुकट.’ माझी बसही दिसतेय. पुसायला झालीय.

मिचू: अडीच वाजलेत. जेवून जा काहीतरी.

ड्रायव्हर बाई: पोरं सोडल्यावर. काका, ऐकताय का? मोठ्याने बोलते. उत्तम झालंय. तुमच्या मुलीने सकाळपासून जागा सोडलेली नाही.

बाबा: माप घेताना हलल्या नाहीत तुम्ही, म्हणून झालं.

ड्रायव्हर बाई: येते मी. शाळेच्या शिक्षकांना सांगते इथलं, निम्म्यांना समोरचा फळा दिसत नाही.

मिचू: सावकाश चालवा.

बाबा: गेल्या का?

मिचू: गेल्या. बस वळवतायत.

बाबा: दादा काय करतोय?

मिचू: शिडी मागितली. बाहेरची पाटी एका बाजूने खाली आलीय ती वर करतोय. माझ्याकडे बघत नाहीये अजून.

बाबा: बघेल. पाटी सरळ होऊ दे. थांब जरा, इथे कुणी आलंय. या, बसा. फ्रेम सैल झालीय? द्या इकडे... हो, दुकान जुनंच आहे, कॉम्प्युटर तेवढे नवे. त्या पडद्यावर? ती दुसऱ्या दुकानातली नोंद आहे, अर्ध्या तासावरच्या. तिथे फ्रेमचं माप घेतात आणि मी इथे काच कापतो. नाही, कंपनीचा माणूस नाही. त्याला जमलं नाही. माझ्या मुलीने जोडलंय. शिकलेली डोळ्यांचं, पण हेही तिने पुस्तकं वाचून केलं, टेबलाखाली बसून. नाही, इथे नसते ती. तिकडे तिचं दुकान आहे.

मिचू: बाबा, फोन चालू आहे.

बाबा: माहीत आहे.